नॉर्मल नंबर सात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की ऐकणारा मनात आधीच ठरवून बसतो, हा आईवडिलांचं किंवा गुरूचं नाव घेणार. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मीही तेच लिहिलं आहे. खरं उत्तर त्या पानावर नाही. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेची भांडी धुणारी एक रोजंदार बाई होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. माझी डॉक्टरेट तिच्यामुळे झाली. आणि तिचं उजवं फुप्फुस माझ्यामुळे गेलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी उमरेडचा, विणकराच्या घरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एम.एस्सी.नंतर मला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा वडिलांनी माग थांबवून गल्लीभर सांगितलं, ‘पोरगा डॉक्टर होऊन राहिला.’ त्यामुळे सुटीत घरी गेलो की लोक मला पायावरची जखम दाखवायचे. मी लघवीत रंग घालून बघणारा डॉक्टर होणार आहे, हे त्यांना सांगायची मला लाज वाटायची.

पहिल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, “काय काय येतं तुला?”

“मले सगळं येते, सर.”

दोन सीनियर फिदीफिदी हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, “मले-तुले एस.टी. स्टँडवर ठेवून येत जा. इथे शुद्ध बोलायचं.”

मी शिकलो. सहा महिन्यांत इतका शिकलो की मावशीशीही शुद्ध बोलायला लागलो. ती सिंकपाशी उभी राहून हसायची. “बाबू आता रेडिओवानी बोलून राहिला. बातम्या सांग ना गा.”

तिनेच मला काच धुवायला शिकवलं. आधी ॲसिड, मग तीनदा नळाचं पाणी, मग तीनदा शुद्ध पाणी. नळी उजेडात धरून ती म्हणायची, “पाह्य. पाणी थेंब होऊन थांबलं, म्हणजे काच मळकी. सारखं पसरत गेलं, म्हणजे निर्मळ.” एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं काम ट्रिप्टोफॅनवर होतं. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये हा घटक असतो. शरीर त्याचे तुकडे करून इतर पदार्थ बनवतं, त्यातला एक म्हणजे कायनुरेनिन. ताप असलेल्या, कुठेतरी सूज किंवा दाह असलेल्या माणसाच्या लघवीत हे कायनुरेनिन जास्त सापडतं. तेवढं तेव्हा पुस्तकांत आलेलं होतं. सरांचा अंदाज त्याच्या पुढचा होता. त्यांचं म्हणणं, हे पदार्थ म्हणजे दाहाची नुसती खूण नाही, तेच दाहाला आवर घालत असावेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना आग लावतात. ती आग घरच जाळून टाकू नये म्हणून त्याच पेशी ट्रिप्टोफॅन मोडून स्वतःलाच थंड करत असाव्यात. यासाठी आम्ही सशाच्या पोटातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत ठेवायचो आणि त्यांना यीस्ट खायला द्यायचो. अर्ध्या बशांमध्ये ट्रिप्टोफॅनपासून झालेला पदार्थ घालायचा आणि कोणत्या बशीतल्या पेशी किती यीस्ट गिळतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. कधी त्या पेशी शांत व्हायच्या, कधी व्हायच्या नाहीत. आज यावर जगभर काम चालतं. तेव्हा आमच्याकडे चार ससे आणि एक अंदाज होता.

ससे मावशी सांभाळायची. एकदा सर मला ही गोष्ट फळ्यावर समजावत होते आणि मला ती समजत नव्हती. आग लावणाऱ्याच पेशी आग कशाला दाबतील? मावशी सशाला पाला टाकता टाकता म्हणाली, “त्यात काय समजाचं? चुलीतला निखारा राखेत दाबून ठेवते ना बाई. इझवत नाही. राख त्याच लाकडाची असते. सकाळी फुंकर मारली का माचिस नाही लागत.”

सरांनी खडू ठेवून तिच्याकडे वळून बघितलं. पुढच्या महिन्यात एका परिषदेत त्यांनी निखारा आणि राखेचं उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. कुणाकडून ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

माझे पहिले सहा महिने वाया गेले होते. एकाच रुग्णाची लघवी दोनदा तपासली तर दोन वेगळे आकडे यायचे. सरांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, “विणकराचा मुलगा ना तू? निदान धागे तरी मोजता येत होते का घरी?” शिष्यवृत्ती बंद करायची भाषा सुरू झाली. तेव्हा मावशी म्हणाली, “बाबू, खिडकीतल्या बाटल्या दुपारी वेगळ्या दिसते, सकाळी वेगळ्या. उन्हानं रंग इटते वाटते.” दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयाच्या फोटोखोलीत गेली. एक्स-रेची फिल्म ज्या काळ्या कागदात येते, तो कागद तिथे कचऱ्यात जायचा. तो आणून तिने माझी एकेक बाटली गुंडाळली. माझे आकडे जुळायला लागले. त्यानंतर ती एक दिवसाआड त्या खोलीत काळा कागद आणायला जायची. दारात रुग्ण शर्ट काढून रांगेत उभे असायचे. ती त्यांच्यामधून वाट काढत आत जायची आणि कागदाची गुंडाळी काखेत मारून परत यायची.

रुग्णांबरोबर तुलना करायला निरोगी माणसं लागतात. आमच्या भाषेत त्यांना ‘नॉर्मल’ म्हणायचे. दहा हवी होती. तीन दिवस ठरलेलं जेवण जेवायचं, मग ट्रिप्टोफॅनची कडू पूड पाण्यातून घ्यायची आणि पुढचे आठ तास लघवी बाटलीत साठवायची. विद्यार्थी पळून गेले. साहेब लोकांना कोण विचारणार? कसेबसे नऊ जमले. मी डोकं धरून बसलेला बघून मावशी म्हणाली, “मी देतो ना गा. माहं काय जाते? फेकाचीच वस्तू आहे.”

सातवी जागा रिकामी होती. तिच्या बाटलीवर मी चिठ्ठी लावली, ‘नॉर्मल-७’.

शेवटच्या पायरीला नळीत जांभळा रंग येतो. जितकं कायनुरेनिन जास्त तितका रंग गडद. नऊ नळ्या फिकट गुलाबी होत्या. सातवी जांभळाच्या रसासारखी.

सरांनी तिला बोलावलं. प्रयोगशाळेत पाच-सहा जण होतो.

“काय खाल्लं होतंस?”

“भाकर अन् वरण. जसं बाबूनं सांगतलं तसं.”

“खोटं बोलू नकोस. तुमच्याकडे रविवार मटणाशिवाय जातो का?”

‘तुमच्याकडे’ म्हणजे कुणाकडे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. छप्पन सालच्या दीक्षेला मावशी तिच्या नवऱ्याबरोबर पांढरं लुगडं नेसून उभी होती. मोलमजुरी करून तिने मुलीला शिकवलं होतं. ती सरळ सरांकडे बघून म्हणाली, “मी पंचशील घेतलं आहे साहेब. मी खोटं नाही बोलत.”

“पंचशील!” सर माझ्याकडे वळले. “पुन्हा कर. या वेळी इथेच बसव. नजरेसमोर.”

पुन्हा केलं. तीन दिवस तिचं दुपारचं जेवण आमच्यासमोर, सकाळ-संध्याकाळचा डबा आमच्या विभागातून. चौथ्या दिवशी पूड घेतल्यावर तिला आठ तास स्टुलावर बसवून ठेवलं. लघवीला जाताना बाटली घेऊन जायची, आल्यावर शिपायाने बाटलीवर खूण करायची. शिपाई प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचा, “झाली का वं?” लोक हसायचे. पाचव्या-सहाव्या वेळी ती कुणाकडेच न बघता जाऊन यायला लागली.

सातवी नळी पुन्हा जांभळी आली. पहिल्यापेक्षाही गडद.

सरांनी वही बघितली. “एखादं जीवनसत्त्व कमी असेल. काहीही असेल. सरासरी बिघडते आहे, बाद कर.” मी तिच्या आकड्यावर रेघ मारली. ती खोटं बोलली नव्हती हे आता सिद्ध झालं होतं. तिला ते कुणीच सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने धुवायला नळ्या घेतल्या. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे.

“सातवी माहीच ना गा? जांभूळ झाली.”

मी घाईत होतो. उमरेडची बस गाठायची होती.

“काई झालं तर नाही मले?”

मी तिच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय? नॉर्मल.”

“म्हणजे?”

“म्हणजे ठीक. चांगली.”

ती चिठ्ठी मी तपासणीच्या आधी, माझ्या हाताने लावलेली होती. तो निकाल नव्हता. तो फक्त तिच्या जागेचा नंबर होता. पण तिच्या दृष्टीने ते एका डॉक्टरने लिहून दिलेलं होतं.

तिने ते विभागभर सांगितलं. हिवाळ्यात तिला खोकला सुरू झाला. शिपायाने विचारलं, “मावशी, लयच खोकलून राहिली?” तर म्हणाली, “खोकला आहे, पण नार्मल खोकला आहे. बाबूनं तपासलं.” लोक हसले, तीही हसली. मुलगी दवाखान्यात चल म्हणाली की तिला हेच उत्तर. अख्खं रुग्णालय पन्नास पावलांवर होतं.

त्याच थंडीत मी प्रबंधातले आलेख काढत होतो. क्षयरोगाच्या वॉर्डातल्या रुग्णांचे बिंदू वर एका जागी दाटीने आले, नॉर्मलचे खाली. का कोण जाणे, मी वहीतला खोडलेला आकडा काढून सातवा बिंदूही पेन्सिलीने मांडून बघितला. तो क्षयरुग्णांच्या मधोमध पडला. शेजारीपाजारी इतके सारखे की वेगळा ओळखू येईना.

माझा सगळा प्रबंध सांगत होता की शरीरात कुठेतरी दाह असेल तर हा पदार्थ वाढतो. आणि तो प्रबंध लिहिणारा मी, तो पदार्थ वाढलेल्या बाईला चांगली आहेस म्हणून मोकळा झालो होतो. तिला अजून ताप नव्हता, नुसता खोकला. राखेखाली निखारा. तिनेच तर सांगितलं होतं.

मग मी तो बिंदू रबराने खोडला.

का खोडला, ते लिहिलं पाहिजे. प्रबंध टाइप व्हायला गेला होता आणि त्यात माझं एक वाक्य होतं: एका व्यक्तीने आहाराचे नियम न पाळल्यामुळे तिचे आकडे वगळले आहेत. तिच्या डब्यात काय भरलं जातं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते वाक्य मीच लिहिलं होतं. ते बदलायचं म्हणजे सर चुकले असं सरांना सांगायचं. आणि परीक्षक विचारणार, बाकीचे नऊ तरी नॉर्मल कशावरून? आम्ही त्यांच्यातल्या एकाच्याही छातीचा फोटो काढला नव्हता. नऊही गेले असते आणि चार वर्षंही. उमरेडला वडील डॉक्टर झालेल्या मुलाची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी काळ्या कागदाची गुंडाळी घेऊन आली. मी म्हणालो, “मावशी, त्या खोलीत जाताच आहात तर एकदा छातीचा फोटो काढून घ्या.”

“काहून?”

“खोकला आहे म्हणून.”

“ह्या ॲसिडच्या वाफेनं होते खोकला. अन् तूच त म्हणला ना, मी नार्मल आहो.”

ती माझ्याकडे बघत होती. मस्करीत बघत होती. ‘तो शब्द खोटा होता’, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणालो, “तरी पण.”

“तरी पण म्हणते!” ती हसली आणि कागद कापायला बसली. मी माझं कर्तव्य केलं असं मला वाटलं. खरंच वाटलं.

उन्हाळ्यात, भर दुपारी, सिंकपाशी तिला रक्ताची उलटी झाली. मी तिथेच होतो. तिने खाली बसायच्या आधी नळ सोडून सिंक धुतलं. काचेवर डाग राहील म्हणून एक नळी बाजूला ठेवली. मग बसली.

फोटोखोलीतल्या माणसाने तिला ओळखलं. “अवं, तू रोज येते अन् आज फोटो काढाले आली?” उजवं फुप्फुस जवळजवळ पूर्ण गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आली असती तर वाचवता आलं असतं. रोजंदार असल्यामुळे आठवड्याभरात सिंकपाशी दुसरी बाई आली.

मी वॉर्डात एकदाच गेलो, केळी घेऊन. ती बसून होती, आवाज बसला होता. म्हणाली, “बाबू, ह्यायची मशीन चुकली वाटते गा. मी त नार्मल होती.”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी नॉर्मलविषयी काही विचारलं नाही. सरांनी पेढे वाटले. वडील नागपूरला येऊन सरांच्या पाया पडले. मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, रुजू व्हायला अजून महिना होता. पदवी पक्की झाल्यावर, सहा दिवसांनी, मी मावशीला पत्र लिहिलं. क्षयरोगाचा वॉर्ड रुग्णालयाच्या पार टोकाला होता, तरी प्रयोगशाळेपासून पायी दहाच मिनिटांवर. मी पोस्टाने पाठवलं.

चार दिवसांनी तिची मुलगी प्रयोगशाळेत आली. हातात तेच पत्र. “आईने पाठवलंय,” ती म्हणाली. “मटणाचं वाक्य आहे ना, ते मला तीनदा वाचायला लावलं तिने. म्हणाली, हे मोठ्या साहेबाला दाखवून ये. मी खोटं नव्हती बोलली म्हणावं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचंही मी वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही.” मग तिने विचारलं, “सर, तुम्हाला हिवाळ्यात माहीत होतं?”

मी हो म्हणालो. तिने मान हलवली, जणू पत्ता बरोबर आहे एवढंच विचारलं होतं.

सरांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून परत दिलं आणि मुलीला म्हणाले, “आईला सांग, साहेबांचा राग नाही.” मुलीने हे आईला सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. मावशी त्यानंतर काही वर्षं एका फुप्फुसावर जगली. मला तिचा निरोप कधी आला नाही.

प्रत्येक कागदाखाली कार्बन ठेवायची मला प्रयोगशाळेने सवय लावली होती. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. ते मोठ्याने वाचलं जाणार हे माहीत होतं, म्हणून मी ते आमच्या बोलीत लिहिलं होतं.

*

मावशी,

हे पत्र तुमची पोरगी वाचून दाखवीन. मले तुमाले काही गोष्टी सांगाच्या आहे. तोंडानं सांगाची माही हिंमत नाही.

तुमी मटण खाल्लं नव्हतं. मले ते दुसऱ्या तपासणीपासून माहीत होतं. तुमी खोटं बोलल्या नाही. माह्या पुस्तकात मी लिहिलं का एका बाईनं नियम पाळला नाही. ते मी खोटं लिहिलं. पुस्तक आता छापून बांधून झालं, त्यातून ते निघत नाही.

तुमची नळी जांभळी झाली होती, ते तुमी बरोबर पाह्यलं. जांभळी म्हणजे आतमधी कुठंतरी आग आहे. माहं सगळं शिक्षण एवढं वाचासाठीच होतं, अन् ते मी वाचलं नाही. थंडीत वाचलं, त मले परीक्षा द्याची होती म्हणून गप्प बसलो. तुमी माह्या बाटल्यांसाठी कागद आणाले रोज त्या खोलीत जात होत्या. मी एक शब्द बोललो असतो त तुमी त्याच दिवशी फोटो काढला असता.

‘नॉर्मल’ ही चिठ्ठी मी आधीच लावली होती. तिचा तुमच्या तब्येतीशी काही संबंध नव्हता. ती फक्त बसाची जागा होती, सात नंबरची. तुमी विचारलं तवा मले बस पकडाची होती.

मी पास झालो. तुमच्या हातानं झालो. आभार मानाची मले लाज वाटते, तरी मानतो.

पोरगी अन् नातू घरी तुमच्याच खोलीत झोपत होते. दोघायचा छातीचा फोटो ह्याच आठवड्यात काढून घ्या. अन् तिथं कोणी ‘नार्मल आहे’ म्हटलं, त तसंच घरी येऊ नका. त्याले विचारा, काय पाहून म्हणता?

तुमचा,
बाबू